सत्याचे मोल कोणी चुकवावे? — ‘राजा हरिश्चंद्र’ या मूकपटाचे रसग्रहण

आपल्या मंडळ्यांतून चित्रपटाचा विषय निघतो तो बहुधा दोनच निमित्तांनी. एक, तरुणांना सावध करण्यासाठी. आणि दुसरे, ख्रिस्तचरित्रावरील एखादा चित्रपट सुवार्तेचे साधन म्हणून दाखवण्यासाठी. चित्रपट ही एक कलाकृती आहे, तिला स्वतःचे काही म्हणावयाचे असते, ते श्रद्धावंताने आधी मोकळ्या मनाने ऐकून घ्यावे व मग आपल्या श्रद्धेच्या उजेडात त्याचा विचार करावा, ही तिसरी रीत आपल्याकडे अद्याप नीटशी रुजलेली नाही. प्रस्तुत लेखात त्या रीतीचा एक लहानसा प्रयोग करावयाचा आहे. त्यासाठी दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) हा मूकपट निवडला आहे. भारतीय कथापटांचा आरंभ सामान्यतः याच कृतीपासून मानतात, म्हणून तिचे कौतुक पुष्कळ झाले आहे. आपल्याला तिचे अगत्य वाटावे अशी आणखी दोन कारणे आहेत. ती सुचली ती ख्रिस्तचरित्र पडद्यावर पाहताना. आणि दिलेला शब्द, सत्त्वपरीक्षा, पुत्राचे मरण व अखेरची दैवी कृपा हा जो तिचा विषय, तो आपल्या पवित्र शास्त्रालाही अपरिचित नाही.

ख्रिस्तचरित्रापासून हरिश्चंद्रापर्यंत

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म त्र्यंबकेश्वरचा, १८७० सालचा. मुंबईचे जे. जे. कलाविद्यालय व बडोद्याचे कलाभवन येथे त्यांनी चित्रकला, छायाचित्रण व मुद्रणकला यांचे शिक्षण घेतले. गोध्रा येथे त्यांनी छायाचित्रांचा धंदा मांडला होता. तेथेच प्लेगच्या साथीत त्यांची पहिली पत्नी व मूल दगावले. पुढे ठसे करण्याच्या व छपाईच्या व्यवसायात त्यांनी नाव मिळवले व तो व्यवसायही सोडला. अशा मोकळ्या व अस्वस्थ अवस्थेत, १९१०-११ च्या सुमारास, मुंबईच्या ‘अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेस’मध्ये त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरील चलच्चित्र पाहिले. डोळ्यांपुढून ख्रिस्तचरित्र सरकत असता आपल्या मनश्चक्षूंपुढे श्रीकृष्ण, श्रीरामचंद्र, गोकुळ व अयोध्या उभी राहत होती, असे त्यांनीच पुढे १९१७ साली ‘नवयुग’ मासिकात लिहून ठेवले आहे.

ते चित्र कोणत्या जातीचे असे, याची कल्पना त्या काळच्या फ्रेंच चित्रपटांवरून येते. ॲलिस गी या बाईंनी गोमाँ कंपनीसाठी १९०६ साली केलेला ख्रिस्तचरित्रपट याचा उत्तम नमुना आहे. अर्ध्या तासाचा हा पट पंचवीस देखाव्यांचा असून जन्मापासून पुनरुत्थानापर्यंतची कथा त्यात आली आहे. टिसो या चित्रकाराच्या बायबलचित्रांवरून त्याचे नेपथ्य व पोशाख बेतले होते. शोमरोनी स्त्री, मग्दालिया, क्रूसाच्या वाटेवर प्रभूचे मुख पुसणारी वेरोनिका अशा स्त्रियांना त्यात ठळक जागा आहे. कॅमेरा एका जागी उभा, पात्रे त्याच्यासमोरून जातात. पाहणाऱ्याला कथा आधीपासून ठाऊक आहे असे गृहीतच धरलेले. म्हणजे हे चित्र श्रद्धेची नव्याने ओळख करून देत नसे. ऐकलेली गोष्ट ते डोळ्यांपुढे उभी करीत असे.

फाळक्यांच्या या अनुभवाबद्दल आपल्यापैकी काहींना हळहळ वाटते. प्रभूचे चरित्र पाहून माणसाला दुसरेच काही सुचावे, हे सुवार्तेचे अपयश नव्हे काय, असा प्रश्न केला जातो. मला तसे वाटत नाही. आपण या देशातून कीर्तन घेतले, अभंगाचे वळण घेतले. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्या भक्तिगीतांत वारकरी संतांची वाणी ख्रिस्ताच्या चरणी आली, याचा आपण अभिमान बाळगतो. मग आपल्या चरित्रपटाची रीत पाहून एका सश्रद्ध हिंदू कलावंताने आपली कथा तशी सांगावी, यात खेद कसला? देवघेवीत देणेही आले आणि घेणेही आले. त्याने घेतलेल्या रीतीतून कोणते सत्य सांगितले, हा विचार अधिक फलदायी होय.

सुरतेची जाहिरात

फाळक्यांचा हा पट २१ एप्रिल १९१३ रोजी मुंबईत निमंत्रितांना दाखवण्यात आला व ३ मे १९१३ पासून गिरगावच्या ‘कॉरोनेशन’ चित्रगृहात तो सर्वांसाठी सुरू झाला. तेथे त्याचे चांगले स्वागत झाले. त्यानंतर तो बाहेरगावी निघाला, आणि सुरतेस त्याचे जे झाले ते फाळक्यांचे चरित्रकार मोठ्या चवीने सांगतात.

सुरत हे शहर आपल्या ख्रिस्ती इतिहासातही आदराने घ्यावे असे आहे. लंडन मिशनरी सोसायटीचे काम येथे १८१५ साली सुरू झाले, आणि गुजराती नवा करार येथल्याच छापखान्यातून १८२० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत बाहेर पडला. ज्या शहरात शब्द कागदावर उतरला, तेथे सुमारे नव्वद वर्षांनी हे निःशब्द चित्र येऊन दाखल झाले. परंतु पहिल्या दिवशी गल्ला जमला तो अवघा तीन रुपयांचा. सगळी तिकिटे तीन आण्यांची धरली तर सोळा माणसे!

याचे कारण समजण्याजोगे आहे. सुरतकरांना नाटकाची सवय होती. याहून कमी पैशांत तेथे कित्येक तास चालणारे गाण्याबजावण्याचे नाटक पाहावयास मिळे. शिवाय हरिश्चंद्राची कथा गुजराती रंगभूमीवर रणछोडभाई उदयराम यांच्या नाटकामुळे घरोघर पोहोचलेली होती. राजकोट येथे शाळेत असताना पाहिलेल्या हरिश्चंद्राच्या नाटकाने आपल्या मनावर केवढा ठसा उमटवला, हे महात्मा गांधींनी आत्मकथेत सांगितलेच आहे. बोलणारा, गाणारा, रडणारा हरिश्चंद्र परिचयाचा असताना तासाभराच्या आतबाहेर आटोपणारा मुका हरिश्चंद्र कोण पाहणार?

तेव्हा फाळक्यांनी जाहिरात केली. सत्तावन्न हजार छायाचित्रांचा खेळ, दोन मैल लांबीचे चित्र, आणि हे सारे फक्त तीन आण्यांत, असा तिचा आशय सांगितला जातो. दुसऱ्या दिवशी गल्ला तीनशे रुपयांवर गेला. व्यापारी शहराला मोजमापाची भाषा पटली, असे म्हणून सारे हसतात. आणि हसावे हेही योग्यच. परंतु ही जाहिरात जरा मोजून पाहण्यासारखी आहे. पटाची लांबी ३,७०० फूट होती. एका फुटात सोळा चौकटी बसतात. म्हणजे एकूण छायाचित्रे ५९,२०० होतात. सत्तावन्न हजारांचा आकडा जवळपास खरा ठरतो. मात्र दोन मैल म्हणजे १०,५६० फूट; आणि हा पट तर पाऊण मैलही भरत नव्हता! शब्दाखातर राज्य सोडणाऱ्या राजाची कथा लोकांपर्यंत नेण्यासाठी फितीची लांबी तिप्पट सांगावी लागली. फाळक्यांना दोष देण्याचा अधिकार आपल्याला नाही; आपल्या सभांच्या अहवालांतील उपस्थितीचे आकडेही कधी कधी असेच दोन मैल लांब असतात. पण सत्याला काही मोल पडते, आणि ते मोल आपण स्वतः न देता दुसरीकडे ढकलण्याची वाट माणूस सहज शोधतो, हे या किश्श्यातून ध्यानात येते. तो प्रश्न बरोबर घेऊनच पटाकडे वळू.

मौनाचे सामर्थ्य

पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने या कथेची दोन रिळे जपली आहेत, पहिले आणि शेवटचे. ही रिळे फाळक्यांनी १९१७ साली नव्याने केलेल्या आवृत्तीची आहेत, असे काही अभ्यासकांचे मत आहे. कसेही असले तरी कथेची मांडणी फाळक्यांचीच.

पहिल्याच देखाव्यात राजा आपल्या मुलाला, रोहिदासाला, धनुर्विद्या शिकवीत आहे आणि राणी तारामती कौतुकाने पाहत आहे. रविवर्म्याच्या चित्रांची आठवण व्हावी अशी ही रचना आहे. मग प्रजाजनांच्या विनंतीवरून राजा शिकारीला निघतो. अरण्यात त्याला स्त्रियांचा आक्रोश ऐकू येतो. विश्वामित्र यज्ञाच्या बळाने तीन शक्तींना वश करू पाहत आहेत आणि त्या ज्वाळांत अडकल्या आहेत. राजा त्यांची सुटका करतो, ऋषीचा कोप ओढवून घेतो आणि प्रायश्चित्त म्हणून राज्य देऊन टाकतो. येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. राजाचे संकट कोणत्याही पापातून उद्भवलेले नाही. आर्त हाक ऐकून तो धावला, त्यातून हे सारे घडले. ईयोबाच्या ग्रंथातील प्रश्न येथे अगदी वेगळ्या वेषात भेटतो.

अभिनय नाटकी आहे, हातवारे मोठे आहेत, कॅमेरा जागचा हलत नाही; हे दोष दाखवणे सोपे आहे. दोन दृश्यांमधल्या इंग्रजी व हिंदी पाट्या कथा पुढे नेतात. पण मौनाने एक गोष्ट साधली आहे. नाटकात हरिश्चंद्र आपल्या सत्याविषयी बोलतो, गातो, विलाप करतो. येथे त्याला बोलताच येत नाही. सत्य हा बोलण्याचा विषय न राहता देहाने सोसण्याचा विषय होतो. शेवटच्या रिळात पुत्र गमावलेल्या तारामतीवर काशीच्या राजपुत्राच्या खुनाचा आळ येतो, ती तो नाकारीत नाही, आणि तिचा शिरच्छेद करण्याची आज्ञा श्मशानातील सेवक असलेल्या तिच्या पतीलाच होते. तरवार उगारलेली व मान झुकलेली, असे ते चित्र. कातरणाऱ्यांपुढे गप्प राहणाऱ्या मेंढराची यशयाच्या त्रेपन्नाव्या अध्यायातील प्रतिमा ज्याच्या मनात वसली आहे, त्या ख्रिस्ती प्रेक्षकाला या मौनाची भाषा परकी वाटणार नाही.

तरवार उगारताच भगवान शंकर प्रकट होतात. कॅमेरा थांबवून पुन्हा सुरू करण्याची ही युक्ती आज बालिश वाटेल. त्या काळी तिने लोक थक्क झाले असणार. आपल्या शास्त्रात, विशेषतः योहानाच्या शुभवर्तमानात, अद्भुत कृत्यांना ‘चिन्हे’ म्हटले आहे. ज्यापाशी पाहणारा थबकतो ते नवल. ज्याच्या पलीकडे त्याची दृष्टी जाते ते चिन्ह. फाळक्यांची युक्ती पुष्कळदा नवलापाशी थांबते, हे खरे. पण या एका ठिकाणी ती चिन्ह होऊ पाहते. माणसाचे सत्य जेथे आपल्याच प्रियजनाच्या मानेपर्यंत येऊन ठेपते, तेथे देवाने आडवा हात घातल्यावाचून वाट नाही, असे ती सुचवते. मोरिया पर्वतावर अब्राहामाचा हात थोपवणाऱ्या वाणीची आठवण कोणाला होणार नाही?

मोल देणारे कोण?

येथून पुढे मात्र कौतुकाबरोबर प्रश्नही विचारला पाहिजे. हरिश्चंद्राच्या सत्याचे मोल कोणी दिले?

या कथेचे सर्वांत जुने रूप ऐतरेय ब्राह्मणात आहे. तेथे हरिश्चंद्राने वरुणाला आपला पुत्र अर्पण करण्याचा शब्द दिलेला असतो आणि तो पाळणे तो लांबणीवर टाकतो. अखेरीस पुत्राच्या जागी शुनःशेप नावाचा एका गरीब ब्राह्मणाचा मुलगा शंभर गाईंना विकत घेऊन यूपाला बांधला जातो. देवांच्या कृपेने तो सुटतो, हा भाग निराळा. पण राजाच्या वचनाचे मोल गरिबाच्या पोराने द्यावयाचे, असा व्यवहार तेथे ठरला होता. मार्कंडेय पुराणातील हरिश्चंद्र याहून कितीतरी थोर आहे. तो दुसऱ्याचा मुलगा विकत घेत नाही; दक्षिणेसाठी स्वतःला विकतो. ही आपल्या देशाच्या नीतिविचाराने केलेली मोठी मजल आहे, आणि आपण ती मोकळेपणाने मान्य केली पाहिजे.

तथापि स्वतःला विकण्यापूर्वी तो पत्नीला व मुलाला विकतो. शब्द एकाने दिला. हाल तिघांचे झाले. शास्ते या पुस्तकातील इफ्ताहाची कथा येथे आठवते. त्यानेही नवस बोलून तो पाळला आणि त्याच्या एकुलत्या एका कन्येने त्याची किंमत दिली. तिच्यासाठी कोणतीही वाणी आकाशातून आली नाही. शब्द पाळणे ही थोर गोष्ट खरी, पण ज्या शब्दाचे ओझे दुसऱ्याच्या मानेवर पडते त्या शब्दाची थोरवी अपुरीच राहते. तारामतीची भूमिका पटात अण्णा साळुंके या तरुणाने केली आहे. ग्रँट रोडवरील एका खाणावळीत तो कामाला होता, आणि स्त्रियांपैकी कोणी पडद्यावर यावयास तयार नसल्याने फाळक्यांनी त्याची निवड केली. ज्या कथेत स्त्रीने सर्वांत अधिक सोसले, त्या कथेत स्त्रीच नव्हती! पडद्यामागे मात्र एक स्त्री होती. फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांनी दागिने दिले, सर्व मंडळींचा स्वयंपाक केला, रात्री अंधारात बसून कोऱ्या फितीला भोके पाडली, रसायनांची कामे शिकून घेतली. मूळ पटाच्या पाट्यांवर असो वा नसो, आपण या पटाची आठवण काढताना त्यांचे नाव प्रथम घ्यावे.

दुसरा प्रश्न आपल्या मंडळ्यांच्या अधिक जिव्हाळ्याचा आहे. राजाच्या अधोगतीचा तळ कोणता? तर श्मशानातील चाकरी. प्रेक्षकांच्या डोळ्यांत पाणी येते ते राजाला हे काम करावे लागले म्हणून. पण जे पिढ्यान्‌पिढ्या हेच काम करीत आले त्यांच्यासाठी कोण रडले? पुराणात राजाला विकत घेणारा चांडाळ अखेरीस प्रत्यक्ष धर्मदेव निघतो. म्हणजे खरा चांडाळ कथेतून नाहीसाच होतो. तो केवळ देवाचा एक वेष ठरतो. महाराष्ट्रातील आपल्या अनेक मंडळ्यांचे पूर्वज ज्या समाजांतून आले, त्यांच्यावर गावगाड्याने मयताची लाकडे पुरवणे, मेलेली जनावरे ओढणे ही कामे वतन म्हणून लादलेली होती. त्या घरांतील म्हाताऱ्या माणसाने हा पट पाहिला तर त्याने कोणत्या जागी उभे राहून पाहावा? राजा परीक्षा उतरून सिंहासनाकडे परततो. घाटावर जो राहिला त्याचे पुढे काय झाले, हे कोणी विचारीत नाही.

हा प्रश्न ख्रिस्ती अभिमानाने बाहेरून टाकलेला नव्हे. खुद्द मार्कंडेय पुराणातच त्याची चाहूल आहे. इंद्र स्वर्गात न्यावयास आला असता हरिश्चंद्र आपल्या प्रजाजनांना सोडून एकटा जाण्यास नकार देतो व आपले पुण्य त्यांच्यासह वाटून घेऊ इच्छितो, असा तेथे अतिशय हृद्य प्रसंग आहे. परंपरेने जी दृष्टी इतकी उंच नेली, तिच्यापर्यंत पटाची अखेर पोहोचत नाही. राज्य परत मिळते, रोहिदास झोपेतून उठावा तसा उठतो, आणि सारे पूर्ववत होते. ज्या मानेवर तरवार आली होती त्या मानेवर एक रेघही उरत नाही. अखेरीचे हे सुख गोड आहे. पण ते सोसण्याला पुसून टाकते.

फिलिप्पैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात ज्याचे वर्णन आहे, तोही राजवैभव सोडून दासाचे रूप घेतो. वरवर पाहता कथा एकच वाटते. पण भेद महत्त्वाचा आहे. तेथे दासाचे रूप ही परीक्षा नाही व वेषही नाही. त्याच्या वचनाचे मोल तो पत्नीवर, मुलावर किंवा विकत घेतलेल्या गरिबावर टाकीत नाही. ते स्वतःच्या देहावर घेतो. त्याचे मरणही श्मशानाच्याच बाजूला, इब्री लोकांस पत्र म्हणते त्याप्रमाणे वेशीबाहेर, घडते. आणि योहानाच्या विसाव्या अध्यायात तो पुन्हा भेटतो तेव्हा सारे पूर्ववत झालेले नसते. हाताच्या खुणा तशाच असतात व त्यांवरूनच शिष्य त्याला ओळखतात. वेशीबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या माणसाला या खुणा सांगतात की, येथे येऊन गेलेला राजा तुला विसरून परत गेलेला नाही.

आपल्या मंडळ्यांसाठी

हरिश्चंद्र खोटा ठरवून ख्रिस्त खरा ठरवण्यासाठी ही तुलना मांडलेली नाही. ‘हरिश्चंद्राची गोष्ट आम्हांला नको’ असे म्हणणारा प्रचारक सत्यनिष्ठेचे एक मोठे बळ हातचे गमावतो. खेड्यापाड्यांतील आपल्या शेजाऱ्याने लहानपणापासून सत्य म्हणजे काय हे याच कथेतून जाणले आहे. त्याच्या मनातील हरिश्चंद्राला आपण वंदन करावे, त्या कथेतील निष्कलंक धैर्याचे मनापासून ऋण मानावे, आणि मग तारामती व श्मशानातील माणूस यांच्या बाजूने त्याच्याबरोबर बसून प्रश्न विचारावा.

व्यवहाराची एक सूचना करून हा लेख संपवितो. आपल्या तरुणसंघांत व बायबल-अभ्यासवर्गांत ही दोन रिळे दाखविण्यास फार वेळ लागत नाही. दाखवल्यावर उत्पत्तीचा बाविसावा अध्याय, शास्ते या पुस्तकाचा अकरावा व इब्री लोकांस पत्राचा तेरावा असे तीन अध्याय वाचावेत, आणि जमलेल्यांपैकी सर्वांत वयोवृद्ध बाईंना प्रथम बोलण्याची विनंती करावी. सुरतेस दुसऱ्या दिवशी चित्रगृह भरले ते आकड्यांमुळे भरले असेल. पण आत बसल्यावर त्या प्रेक्षकांनी एका माणसाला काहीही न बोलता आपला शब्द पाळताना पाहिले. तेवढे पाहण्यास आपल्यालाही तीन आणे द्यावयास हरकत नसावी. मात्र बाहेर पडताना त्या शब्दाचे मोल कोणकोणी दिले, याचा हिशेब करण्याचे काम ख्रिस्ती मंडळीने टाळू नये.